एकसारखे ठोके

दुंदा असवले स्वतःच्या पायांनी चालत आला, म्हणूनच कुणाला काही वाटलं नाही.

सकाळचे साडेदहा-अकरा झाले असतील. एप्रिल महिना, हिरड्याचा हंगाम. त्या दिवसांत आमच्याकडं पेशंट कमी, कारण ज्याला हातपाय हलवता येतात तो डोंगरात झाडावर असायचा. बाकड्यावर खोकणाऱ्या दोन म्हाताऱ्या आणि एक पोरवाली बाई, एवढीच काय ती गर्दी. दुंदा दारात येऊन उभा राहिला. डाव्या कुशीवर हात दाबलेला, अंगात फाटका बनियन, कोपरं खरचटलेली. मागं त्याचा थोरला भाऊ देवराम.

"काय झालं?" मी विचारलं.

"झाडाव्हरनं पडला," देवराम म्हणाला. "हिरड्याच्या. लई उंच नव्हता. दोन पुरुष उंची आसंल."

"मी नाय पडलो, शिस्टर," दुंदा हसला. "फांदी पडली. मी तिच्या संगं गेलो."

म्हाताऱ्या हसल्या. मीही हसले. सव्वीस वर्षांचा काटक माणूस, दात पांढरे शुभ्र, डोळ्यांत मिश्किली. त्याला टेबलावर झोपवलं, पोट चाचपलं. मऊ होतं. डाव्या बरगड्यांखाली दाबल्यावर त्यानं जरा श्वास रोखला, इतकंच. ब्लडप्रेशर एकशे वीसला अठ्ठ्याहत्तर. नाडी शहाऐंशी. जखमा धुतल्या, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं.

"जाऊ का मंग?" दुंदा उठू लागला.

"दोन तास पडून राहा."

"दोन घंट्यांत काय व्हनार हाय?" देवराम कुरकुरला. "हिरडा वाळत टाकलाय. हालवायला कुनी नाय घरी."

"तुम्ही जाऊन हलवून या. हा इथंच राहील."

देवरामनं भावाकडं बघून डोळे मिचकावले. त्याचा अर्थ मला ठाऊक होता. आदल्या वर्षी कोंडीबा नावाच्या म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली म्हणून मी त्याला घाईघाईनं लाँचमधून तालुक्याला पाठवलं होतं. तिथं तो गॅस निघाला. म्हातारा चौथ्या दिवशी परत आला आणि गावभर सांगत सुटला, की शिस्टर घाबरट आहे, ढेकराला सुद्धा लाँच बोलावते. तेव्हापासून पाण्यावर भेटणारा जो तो मला बघून ढेकर द्यायचा.

आमचं आरोग्य केंद्र धरणाच्या पाण्यापलीकडं होतं. धरण झालं तेव्हा जुना रस्ता पाण्याखाली गेला आणि नवा कधी झालाच नाही. बाहेर जायचं तर लाँच, धरणाच्या भिंतीपर्यंत दीड तास. नाहीतर डोंगरावरून पाच तासांची पायवाट. डॉक्टर भोसेकर महिन्याच्या मीटिंगला तालुक्याला गेले होते, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होते. केंद्रात मी आणि मदतनीस चिमाबाई. मी तेव्हा तेहतीस वर्षांची, तिथं येऊन पावणेदोन वर्षं झालेली. केंद्रामागच्या क्वार्टरमध्ये एकटी राहायची. आई-वडील गेलेले, एक भाऊ सुरतेला. माझं कुणी नव्हतं असं नाही, पण पत्र टाकलं नाही तर कुणाला चुकल्यासारखं वाटेल असंही कुणी नव्हतं.

कपाटावर फडक्याखाली एक मॉनिटर होता. एका संस्थेनं दिलेला. छातीला तीन चिकट पट्ट्या लावल्या की पडद्यावर हृदयाची रेघ धावायची आणि प्रत्येक ठोक्याला टिक असा बारीक आवाज यायचा. डॉक्टर त्याला शोभेची वस्तू म्हणायचे. मी तो उतरवला, दुंदाच्या छातीला पट्ट्या लावल्या.

"ह्यो माझ्या काळजाचा आवाज?" त्यानं मान उचलून पडद्याकडं बघितलं.

"हो."

"लईच बारीक वरडतंय की."

मी हातातली कामं करत ऐकत राहिले. श्वास आत घेतला की ठोके जरा भरभर पडायचे, सोडला की रेंगाळायचे. दुंदा बोलायला लागला की घाई करायचे, गप्प झाला की सैल व्हायचे. सगळं ठीक होतं. बारा वाजता ब्लडप्रेशर एकशे अठराला ऐंशी. नाडी नव्वद. त्या दिवशी फोन चालू होता म्हणून डॉक्टरांना कळवलं.

"पोट मऊ आहे ना?" ते म्हणाले. "मग ठेवा पडून. उद्या येतोच मी."

पाऊण वाजायला आला असेल. मी शेजारच्या खोलीत त्या पोरवालीला पातळ औषध मोजून देत होते. बोलता बोलता थांबले.

"काय झालं वं बाय?" तिनं विचारलं.

काही झालं नव्हतं. पलीकडून आवाज येत होता, टिक, टिक, टिक, टिक. थोडा जलद, पण फार नाही. फक्त एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर तंतोतंत तेवढंच होतं. शिवणयंत्र सरळ टाके टाकत जावं तसं. त्यात श्वास नव्हता.

मी बाटली तिच्या हातात तशीच दिली आणि आत आले. दुंदा छताकडं बघत पडला होता. पडद्यावर अठ्ठ्याण्णव.

"दुंदा, मोठा श्वास घे. छाती भरून."

त्यानं घेतला. ठोक्यांत काही फरक पडला नाही.

"सोड. सावकाश."

तरीही नाही.

"कसं वाटतंय?"

"बरंय. तहान लागलीय. आन् खांदा दुखतोय."

"कुठला?"

"डावा."

"खांद्यावर पडला होतास?"

"नाय वो. कुशीव पडलो. खांदा आत्ता धरला."

खांदा दुखण्याचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. ब्लडप्रेशर घेतलं. एकशे अठराला अठ्ठ्याऐंशी. कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, उत्तम आहे. पोट पुन्हा चाचपलं. मघापेक्षा कडक लागलं की मलाच तसं वाटलं, सांगता येईना. पाणी मागत होता, ते दिलं नाही. ओठ ओले करायला कापूस दिला, सलाईन लावलं, पाय उशीवर उंच केले.

आणि मला रखमा आठवली.

आठ महिन्यांपूर्वी रखमाचं बाळंतपण आमच्याकडं झालं होतं. मुलगी झाली, चांगली रडली. त्यानंतर रखमाला रक्त जायला लागलं, पण फार वाटत नव्हतं. मी तेव्हाही हाच मॉनिटर लावला होता. तिचे ठोके असेच एकसारखे झाले होते, मी ते ऐकलं होतं आणि मला ते विचित्रही वाटलं होतं. पण ब्लडप्रेशर चांगलं होतं. पुस्तकात लिहिलंय ब्लडप्रेशर बघा, मी ब्लडप्रेशर बघत बसले. अर्धा तास ते चांगलंच राहिलं आणि मग एकाएकी पायरी तुटावी तसं खाली गेलं. रखमानं लाँचवरच जीव सोडला. मुलगी माझ्या मांडीवर होती. झाल्या प्रकाराची चौकशी झाली, त्यात माझी चूक निघाली नाही. ठोक्यांचं मी कुणाला सांगितलंच नव्हतं, मग चूक कुठून निघणार?

पुन्हा फोन लावला. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. म्हटलं, बोलवा. पाच मिनिटांनी डॉक्टर आले, आवाजात चीड.

"काय आहे सिस्टर?"

"सर, दुंदाला पाठवायला लागेल. आतून रक्त जातंय असं वाटतंय."

"बीपी?"

"एकशे अठराला अठ्ठ्याऐंशी."

"नाडी?"

"अठ्ठ्याण्णव."

"अहो, झाडावरून पडलेल्या माणसाची असणारच तेवढी. मग वाटतंय कशावरून?"

"ठोके एकसारखे पडतायत, सर."

"सिस्टर," ते म्हणाले, "ठोके एकसारखेच पडायला हवेत."

मला माहीत होतं ते मला सांगता येत नव्हतं. भीतीनंही ठोके तसे होत असतील, दुखण्यानंही. मी काय पैजेवर सांगणार होते?

"मागच्या वेळचा कोंडीबा आठवतोय ना?" डॉक्टर म्हणाले. "आणि तुम्ही त्याच्याबरोबर गेलात तर केंद्रात कोण? माझ्या परवानगीशिवाय मुख्यालय सोडायचं नाही. निरीक्षणाखाली ठेवा, लिहून ठेवा. कळलं?"

"हो सर."

रिसीव्हर ठेवला आणि चिमाबाईला म्हटलं, "देवरामला बोलवा. आणि खाट घ्यायला चार माणसं. लाँचवर जायचंय."

चिमाबाई माझ्याकडं बघत राहिली. "सायबांनी सांगितलं?"

"नाही," मी म्हटलं.

ती चपला घालून पळाली.

धक्क्यावर पोचलो तर लाँच माणसांनी भरलेली. त्या दिवशी वरच्या वाडीतलं लग्न होतं. वऱ्हाड पाण्याच्या दुसऱ्या फाट्याला, नवरीच्या गावी निघालं होतं, म्हणजे भिंतीच्या बरोबर उलट्या दिशेला. बायका नटलेल्या, वाजंत्री टपावर, नवरा मुंडावळ्या बांधून पुढं बसलेला. लाँचवाला बुधाजी तळपे दोरी सोडायच्या बेतात होता.

"बुधाजीमामा, थांबा!" मी ओरडले. "पेशंट न्यायचाय. भिंतीला."

खाटेवरच्या दुंदानं सगळ्यांना बघून हात वर केला. "नवरदेवा, बेस दिसतोयस रं!"

लाँचवर हशा पिकला. मरायला टेकलेला माणूस असा बोलत नाही, हे मलाही कळत होतं.

"शिस्टर, वऱ्हाड सोडतो आन् येतो," बुधाजी म्हणाला. "पाच वाजंपर्यंत हितं हाय मी."

"पाचपर्यंत थांबता येणार नाही."

"अवो, बोलतोय की तो चांगला!" नवऱ्याचा बाप पुढं आला. जाडजूड, डोक्याला नवा फेटा. "गोरज मुहूर्त हाय आमचा. तिकडं मांडवात मानसं खोळंबल्यात. काय झालंय काय त्याला?"

"पोटात रक्तस्राव होतोय."

"कुठंय रगत? दिसंना कुठं."

मागून कुणीतरी मोठ्यांदा ढेकर दिला. आणखी हशा. देवराम माझ्याशेजारी उभा होता, त्याची मान खाली गेली. "शिस्टर," तो हळूच म्हणाला, "नगं. लोकं जन्मभर बोलत्याल. ऱ्हाऊ द्या."

मला काय वाटलं त्या वेळी? धैर्य वगैरे काही वाटलं नाही. इतकी माणसं समोर होती आणि त्यातल्या एकालाही मी माझ्या मनातलं समजावू शकत नव्हते. पाण्याकडं तोंड करून रडावं असं वाटलं. त्याऐवजी मी लाँचच्या फळीवर चढून उभी राहिले आणि म्हटलं, "रखमा याच लाँचवर गेली. बुधाजीमामा, तुम्ही होता. ती पण बोलत होती. धक्क्यावर होती तोवर पोरीचं नाव काय ठेवायचं ते सांगत होती. त्या दिवशी मी अर्धा तास उशीर केला. तो माझ्याकडून झाला होता, मी कुणाला सांगितलं नाही. आज उशीर करणार नाही. याला काहीच झालेलं नसलं आणि माझी चूक निघाली, तर तुम्ही सगळे माझ्या तोंडावर ढेकर द्या."

कुणी हसलं नाही. रखमाचा नवरा त्या वऱ्हाडात होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तो मागच्या फळीवर बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. उठला आणि लाँचवरून खाली उतरला.

मग नवरा मुलगा उठला. मुंडावळ्या हातानं बाजूला सारत म्हणाला, "उतरा रं समदे. गोरज चुकला तर चुकला. लगीन काय पळून चाललंय?"

बाप तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला, पण पोरगा उतरल्यावर वऱ्हाडही उतरलं. खाट चढवली. देवराम म्हणाला, "मी दुंदाच्या बायकूला घिऊन येतो. ती माह्यारी हाय, डोंगरापल्याड. सातवा म्हैना हाय. उद्या सकाळी दवाखान्यात पोचतो. तुम्ही ऱ्हाल ना तवर?"

"राहते," मी म्हटलं.

लाँच सुटली. इंजिनाच्या आवाजात मॉनिटरची टिक ऐकू येईना, आणि अर्ध्या वाटेवर बॅटरी संपून पडदा विझला. मी दुंदाचं मनगट धरून बसले. एकशे आठ. एकशे सोळा. आता तो हसत नव्हता. कपाळावर गार घाम आला होता.

"झोप येतीय, शिस्टर."

"झोपायचं नाही. बोल माझ्याशी."

"काय बोलू?"

"बायकोचं नाव सांग."

"हौसा." जरा वेळानं म्हणाला, "ती म्हनली व्हती, औंदा झाडाव चढू नगं."

"मग का चढलास?"

"झाडाला काय ठावं, औंदा काय हाय ते."

मधेच तो घाबरला. माझा हात घट्ट धरला. "शिस्टर, मी मरनार हाय का?"

"नाही."

"खरं सांगा."

"खरंच सांगतेय," मी म्हटलं. मला ठाऊक नव्हतं. बुधाजीनं मागं वळून बघितलं आणि इंजिनाचा दांडा पुढं रेटला.

भिंतीशी पोचलो तेव्हा ब्लडप्रेशर नव्वदला साठ होतं. पाटबंधारे खात्याची जीप उभी होती. बुधाजीनं ड्रायव्हरला काय सांगितलं कोण जाणे, तो काही न विचारता दार उघडून बसला. चाळीस मिनिटांत तालुक्याच्या गावच्या मोठ्या दवाखान्यात. तिथले सर्जन डॉक्टर शिरगुप्पे यांनी दुंदाच्या पोटावर एकदा हात ठेवला, एक सुई टोचून बघितली. सिरिंजमध्ये रक्त आलं.

"थिएटर," एवढंच म्हणाले.

खिडकीतल्या कारकुनानं माझ्यापुढं फॉर्म सरकवला. मान वर न करताच लिहीत होता. माझी साडी लाँचच्या वंगणानं आणि पाण्यानं मळली होती, मी कोण हे तिच्यावरून कळण्यासारखं नव्हतं.

"पेशंटचं नाव? वय? गाव?"

सांगितलं.

"तुम्ही कोण?"

"सिस्टर."

त्यानं लिहिलं, बहीण. "इथं सही करा. ऑपरेशनला संमती."

त्या अक्षरांकडं मी बघत राहिले. चूक दाखवून द्यायला एक शब्द पुरला असता. मागं स्ट्रेचर थांबलं होतं, घाई होती, हे खरं. पण घाई नसती तरी मी तो शब्द बोलले असते का, हे मला आजही सांगता येत नाही. सही केली.

दिवेलागणीच्या सुमारास डॉक्टर शिरगुप्पे बाहेर आले. डोक्यावरची हिरवी टोपी काढून बाकावर माझ्याशेजारीच बसले.

"प्लीहा फाटली होती. पोटात दीड लिटर रक्त. डावा खांदा दुखतो तो त्यानंच. तीन बाटल्या दिल्या. वाचेल." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "जीपचा ड्रायव्हर म्हणाला, तुम्ही आरोग्य केंद्रातल्या. निघालात तेव्हा बीपी किती होतं?"

"एकशे अठराला अठ्ठ्याऐंशी, सर."

"मग कळलं कसं? त्या वेळी मीसुद्धा कदाचित पाठवला नसता."

"ठोके एकसारखे झाले होते."

ते हसले नाहीत. "जवान, धडधाकट माणसाचं हृदय श्वासाबरोबर खालीवर खेळतं," ते हळूहळू म्हणाले. "रक्त कमी पडायला लागलं की शरीर सगळी ताकद लावून बीपी धरून ठेवतं. मग खेळायला सवड उरत नाही. बीपी पडतं ते सगळ्यात शेवटी. पण हे कानांनी ओळखायचं म्हणजे... कुठं शिकलात?"

"अनुभवानं, सर."

मी खोटं बोलले. म्हणजे अर्धं खोटं. रखमाच्या वेळी मला ते विचित्र वाटलं, ते का वाटलं? कारण निरोगी हृदय कसं खेळतं हे मला तोंडपाठ होतं. ज्या वर्षी मी तिथं आले त्या पावसाळ्यात लाँच चार-चार दिवस यायची नाही. दुपारी बारापर्यंत ओपीडी संपायची, चिमाबाई घरी जायची. मग दार लावून घ्यायचं आणि समोरच्या पाण्याकडं बघत बसायचं. एकदा यंत्र चालतंय का बघावं म्हणून मी पट्ट्या माझ्याच छातीला लावल्या. टिक, टिक. खोलीत आणखी कुणीतरी आहे असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावल्या. मग रोज. श्वास घेतला की ते घाई करायचं, सोडला की थांबून वाट बघायचं. मी जुन्या गोष्टी आठवायची आणि ते कसं वागतं ते ऐकायची. कधी कधी त्याच्याशी बोलायचीसुद्धा. तेहतीस वर्षांची, शिकलेली बाई. दीड वर्ष रोज दुपारी मी एवढंच करत होते. हे मी डॉक्टर शिरगुप्प्यांना काय सांगणार?

रात्र बाकावर काढली. सकाळी सहाच्या सुमाराला वॉर्डाच्या दाराशी गेले. आत जायच्या आधी केस नीट केले, पदर सारखा केला. मधे हिरवा पडदा होता. पडद्यापलीकडं वॉर्डातल्या सालोमी सिस्टर दुंदाचं सलाईन बदलत होत्या. त्याचा आवाज आला, खोल, कोरडा. शुद्धीवर आला होता.

"घरचं कोन आलंय का वो?"

"हो तर," सालोमी म्हणाल्या. "तुमची बहीण आलीय. काल रात्रभर बाहेर बसलीय बिचारी."

मी पडद्याला हात लावला होता.

"बहीन?" दुंदा म्हणाला. "मला बहीन नाय."

मी हात काढून घेतला.

त्यात त्याचं काय चुकलं? खरं तेच बोलला तो. पण एखाद्याच्या घरात न विचारता शिरावं आणि घरमालकानं दिवा लावून बघावं, तसं मला झालं. मी मागं फिरले. चौकशीच्या खिडकीत सांगितलं, पेशंटचा भाऊ आठ-नऊपर्यंत येईल, त्याला आत सोडा. आणि भिंतीकडं जाणारी सव्वासहाची एसटी पकडली. देवरामला थांबते म्हटलं होतं, तेही मोडलं.

पुढं जे व्हायचं ते झालं. डॉक्टर भोसेकरांनी मेमो दिला, परवानगीशिवाय मुख्यालय सोडल्याबद्दल. त्यांनी तो देताना माझ्याकडं बघितलं नाही. पेशंट वाचला म्हणून ते प्रकरण वाढलं नाही, पण जूनमध्ये माझी बदली दुसऱ्या टोकाच्या तालुक्याला झाली. दुंदा बरा होऊन सासरवाडीला राहिला होता, तो परत यायच्या आत मी निघाले होते. त्या लाँचवर नंतर कुणी ढेकर दिला नाही, एवढं मात्र खरं. बुधाजीनं माझी ट्रंक स्वतः उचलून ठेवली.

याला आता एकवीस वर्षं झाली. मध्यंतरी पुण्यात सिनियर नर्सेसचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. जेवणाच्या रांगेत एक उंच, पिकल्या केसांची बाई माझ्या छातीवरचा बिल्ला वाचत थांबली.

"वाघचौरे? धरणापलीकडच्या केंद्रात होता का तुम्ही? हिरड्याच्या झाडावरून पडलेला पेशंट आणला होता?"

त्या सालोमी गायकवाड. मी त्यांना ओळखलं नव्हतं. ताटं घेऊन आम्ही खिडकीशी बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही न सांगता का हो निघून गेलात?"

"ड्युटी होती," मी म्हटलं.

"मी बाहेर येऊन बघितलं तर बाकावर कुणी नाही. मला वाटलं चहाला गेला असाल. तो सारखा विचारत होता."

"कोण?"

"कोण म्हणजे? पेशंट." त्यांनी भाताचा घास घेता घेता मान वर केली. "मी सांगितलं, तुझी बहीण आलीय. तर म्हणाला, मला बहीण नाही. मला वाटलं गुंगीत आहे. तर जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, आसंल तर मंग भाईर का ठिवली तिला? आत बोलवा की."

माझ्या हातात पाण्याचा पेला होता, तो मी खाली ठेवला.

"मग?"

"मग काय. म्हटलं, येईल. त्याची बायको, भाऊ सगळे आले नऊ वाजता, तेव्हा भावाकडून कळलं तुम्ही कोण ते. तरी दार वाजलं की बघायचा. आठ दिवस होता आमच्याकडं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

"नाही," मी म्हटलं.

बाहेर व्हरांड्यात दुपारच्या सत्राची घंटा झाली. सगळ्याजणी उठल्या. सालोमीबाईंनी माझंही ताट उचललं आणि विचारलं, "येताय ना?"

"व्हा पुढं," मी म्हटलं. "येते मी."